घडाची तपासणी होते, फवारणाऱ्याची नाही

निफाड-दिंडोरीतून युरोपला निघालेल्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जातो तेव्हा फवारलेल्या औषधाचा, म्हणजे कीडनाशकाचा, अंश किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंत शोधला जातो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर कंटेनर अडतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी इथल्या बागाईतदारांनी हे चांगलंच भोगलं आहे. त्याच बागेत छाटणीपासून काढणीपर्यंत चार महिने ज्याने फवारणीची गन धरली, त्याच्या रक्ताचा नमुना मात्र कुठेच जात नाही. तशी तरतूद आहे बरं का. कीटकनाशक कायदा 1968 सालचा, त्याखालचे नियम 1971 चे. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की ऑरगॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटाची औषधं हाताळणाऱ्या कामगाराच्या रक्तातलं कोलिनेस्टेरेज (ही औषधं ज्यावर घाला घालतात ते विकर, म्हणजे एन्झाइम) महिन्यातून एकदा तरी मोजावं. पेठ-सुरगाण्याहून रोजंदारीवर आलेल्या, पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला या तपासणीचं नावही माहीत नसतं, आणि त्याला कामावर बोलावणाऱ्यालाही नसतं.

कीडनाशकाने होणारे मृत्यू दोन वाटांनी येतात. एक वाट कामाची: फवारणी, औषध कालवणं, गळका पंप, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं औषध. दुसरी वाट खचलेल्या माणसाने स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याची, आणि आकड्यांत ही फार मोठी आहे. पेपरात पहिली बातमी ‘दुर्घटना’ म्हणून छापून येते, दुसरी कर्ज आणि नापिकीच्या रकान्यात जाते. पहिल्या बातमीनंतर शेतकऱ्याला ‘काळजी घ्यायला नको का’ म्हणून सुनावलं जातं, दुसरीनंतर ‘धीर धरायला हवा होता’ म्हणून. दोन्ही वेळा बोट माणसाकडे जातं. त्याच्या हाताशी नेमकं कोणतं रसायन होतं, ते तिथे का होतं, हे कुणी विचारत नाही. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून याकडे बघायचं, तर सुरुवात त्या रसायनापासून करावी लागते.

आवाका किती? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांचा अंदाज वर्षाला सुमारे दीड लाख आत्महत्या कीडनाशकांमुळे, असा आहे. त्यातल्या बहुतेक आशियातल्या खेड्यापाड्यांत होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याचं कारण विष, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. कामातून होणाऱ्या बाधेचे आकडे याहून कच्चे आहेत. दिवसभर औषध मारून रात्री उलट्या झालेला माणूस लिंबूपाणी घेऊन झोपतो, त्याची नोंद कशी व्हायची? जे मोठ्या प्रमाणावर घडतं तेवढंच दिसतं. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेलं अन्न खाऊन शंभरावर माणसं गेली, त्यातूनच पुढे 1968 चा कायदा आला. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले.

शरीरात काय होतं

मेंदूचा निरोप नसांतून स्नायूंपर्यंत आणि ग्रंथींपर्यंत पोचवायला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं. निरोप पोचला की कोलिनेस्टेरेज हे विकर त्या रसायनाचा लगेच निकाल लावतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी होते. ऑरगॅनोफॉस्फरस औषधं नेमकी या विकरालाच जखडून टाकतात. मग नळ सुरू आहे आणि त्याची चावीच कुणी काढून नेली आहे, अशी गत होते. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, दरदरून घाम येतो, पोटात मुरडा, उलटी, जुलाब, नकळत लघवी. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि समोरचं अंधुक दिसतं. पापण्या, पोटऱ्या, दंड यांचे स्नायू कातडीखाली फडफडताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि पुढे तेच स्नायू ढिले पडतात. मरण येतं ते श्वासावाटे: फुप्फुसात स्राव साठतो, श्वासनळ्या आवळतात, छातीचे स्नायू दमतात आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्रही मंदावतं.

कार्बामेट गट याच विकराला धरतो, पण त्याची पकड लवकर सुटते. पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांनी बहुधा तोंडाची-हाताची कातडी चुरचुरते. बाकीच्या रसायनांच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. काहींत माणूस पहिले काही तास बरा वाटतो आणि घरचे निश्चिंत होतात. ‘आता ठीक वाटतंय’ हा दवाखाना टाळायला आधार होत नाही, तो एवढ्यासाठी.

कामावरच्या बाधेत एक गोष्ट हमखास विसरली जाते. जखडलेलं विकर शरीर नव्याने बनवतं, पण लाल पेशींत ते दिवसाला जेमतेम एक टक्का भरून येतं. सोमवारी थोडं लागलं, गुरुवारी थोडं, पुढच्या मंगळवारी पुन्हा थोडं, तर पातळी पायरी-पायरीने उतरत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी, एरवी पचलं असतं एवढ्याशा औषधाने माणूस आडवा होतो. ‘हेच औषध गेल्या वर्षी मारलं, तेव्हा काही झालं नाही’ असं सगळेच म्हणतात, आणि खरंच सांगत असतात. मासिक तपासणीचा नियम याचसाठी आहे. निरोगी माणसांतही ही पातळी बरीच कमीजास्त असते, म्हणून हंगामाच्या आधी एकदा मोजून ठेवावी लागते आणि नंतरचा आकडा त्याच माणसाच्या त्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो. कॅलिफोर्नियात लाल पेशींतलं विकर मूळ पातळीच्या 70 टक्क्यांवर घसरलं की कामगाराला त्या औषधांपासून लांब ठेवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे मूळ आकडाच नसतो, मग ताडायचं कशाशी?

औषध अंगाला कुठून लागतं

लोकांना वाटतं, नाकातोंडातून. मोकळ्या शेतात फवारताना सगळ्यात जास्त औषध कातडीतून आत जातं. त्यातही सगळी कातडी सारखी नाही: हाताच्या पंज्यापेक्षा कपाळ, मान आणि काखेतून ते जास्त शोषलं जातं, आणि जांघेतून तर कितीतरी पटींनी. पाठीवरच्या पंपाचं झाकण किंवा नळीचा सांधा गळत असेल तर औषध पाठीवरून कमरेपर्यंत ओघळतं आणि चड्डी-पँट ओली होऊन तासन् तास अंगाला चिकटून राहते. गळका पंप बदलायला लागणारा वायसर काही रुपयांना मिळतो. तो न बदलणं ही बाधेची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट आहे.

सगळ्यात जोखमीचा क्षण फवारण्याचा नसून कालवण्याचा. बाटलीतलं औषध पाण्यात पडण्याआधी शेकडो पटींनी तीव्र असतं. टिपाडात 200 लिटर पाणी, त्यात एक कीटकनाशक, दोन बुरशीनाशकं, एखादं टॉनिक आणि वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण), हे सगळं हाताने ढवळणारे अजून आहेत. शिवाय असं पाचसहा वस्तूंचं मिश्रण कुठल्याच लेबलवर तपासलेलं नसतं. माणूस बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आला तर डॉक्टरांना नेमकं कशावर इलाज करायचा हेही ठरवता येत नाही. ढवळायला लांब काठी, हातात कोपरापर्यंतचे नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा, वाऱ्याकडे पाठ: एवढं कालवतानाच्या दहा मिनिटांसाठी जरी पाळलं तरी धोका पुष्कळ उतरतो. पातळ रबराचे डॉक्टरी मोजे इथे चालत नाहीत, औषधातला द्रावक त्यांतून पार होतो. कापडी मोजे तर औषध शोषून हाताला बांधून ठेवतात.

नाशिकच्या बागांची म्हणून वेगळी अडचण आहे. वेल मांडवावर चढवलेला असो की वाय आकाराच्या आधारावर, पानं आणि घड डोक्याच्या वर. एचटीपी पंपाची (जास्त दाबाच्या फवारणी पंपाची) गन वर धरली की निम्मा फवारा खाली अंगावर येतो. ट्रॅक्टरमागचा ब्लोअर आला तेव्हापासून हातातली गन कमी झाली, पण बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर बसलेला चालक त्या धुक्यातूनच पुढच्या ओळीत वळतो. शेजारच्या ओळीत विरळणी किंवा डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) करणाऱ्या बायका असतात. त्यांच्या अंगाला किती लागलं याचा विचार कोणीच करत नाही, कारण फवारणी त्या करत नव्हत्या. येवला-मालेगावकडे डोक्याएवढा मका असतो आणि लष्करी अळीसाठी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, औषध सोडायचं असतं. तिथे यवतमाळच्या उंच कपाशीसारखाच प्रकार होतो: माणूस पिकातून चालतो आणि आपणच भिजवलेली पानं तोंडावर घेतो. अशा पिकात वाऱ्याकडे पाठ ठेवून मागे मागे सरकत फवारायचं असतं, पुढे चालत नाही.

द्राक्षात फवारण्या जास्त होतात त्या डाउनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी, बुरशीनाशकांच्या. त्यांतल्या बऱ्याचशांची तातडीची विषबाधा कीटकनाशकांपेक्षा सौम्य असते. म्हणूनच मधूनच येणारी फुलकिडे किंवा मिलीबगची फवारणी घातक ठरते: हात त्याच सवयीने चालतो, औषध मात्र वेगळं असतं.

तोंडावर बांधलेला रुमाल संरक्षण देत नाही. पहिल्या टिपाडातच तो ओला होतो आणि पुढचे तीन तास औषधाची घडी नाकाशी धरून ठेवतो. बाष्पासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि तोही ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी बारा वाजता कोणी घालून दाखवावा. सरकारी पत्रकांत ‘सुरक्षा किट वापरा’ लिहून जबाबदारी संपते. ते किट घालून आठ तास काम होत नाही हे पत्रक लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. त्यापेक्षा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारणं, एका माणसाकडे सलग काम न देता पाळी लावणं, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, त्यावर प्लास्टिकचा एप्रन, गमबूट घालताना पँट बुटाच्या बाहेर ठेवणं, हे जमण्यासारखं आहे. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना दातांचा ब्रश खिशात ठेवायचा. तंबाखू मळण्याआधी साबणाने हात धुवायचे. खरं तर फवारणीच्या दिवशी तंबाखू घरीच ठेवावी. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. ते कपडे धुणाऱ्या बाईला त्रास झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

ऑक्टोबर छाटणीनंतरची पेस्ट हा खास इथला विषय. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, बहुधा स्पंज किंवा कापडाने, एकेका डोळ्यावर. हे कीटकनाशक नाही, त्यामुळे त्याला कुणी विष समजत नाही. कातडी मात्र ते पोळून काढतं. आणि त्याचा दुसरा गुण असा की यकृतातलं ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे विकर ते बंद पाडतं. दारू प्यायल्यावर शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड मग साठत जातं. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी नेहमीचीच क्वार्टर घेतली की तोंड लालबुंद, डोकं फुटेल असं दुखणं, छातीत धडधड, रक्तदाब खाली, श्वास लागणं. लोक म्हणतात दारू खराब होती. पेस्टच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारूला शिवायचं नाही, हे मुकादमाने टोळीला काम सुरू होण्याआधी सांगायलाच हवं. लेबलवर बारीक अक्षरात छापून भागत नाही.

लेबलवरच्या चौकटीचा खालचा त्रिकोण पाहायची सवय बऱ्याच जणांना असते, पण अर्थ उलटा लावला जातो. लाल म्हणजे जालीम, म्हणजे किडीवर भारी, असं समजून लाल मागितलं जातं. तो रंग किडीबद्दल काहीच सांगत नाही. माणसाला आणि जनावराला ते किती विषारी, एवढंच तो सांगतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा या उतरत्या क्रमाने. निळ्या-हिरव्या त्रिकोणाची चांगली औषधं बहुतेक किडींवर आज मिळतात. दुकानात मागताना पिकाचं आणि किडीचं नाव सांगून ‘निळ्या किंवा हिरव्यातलं द्या’ म्हणायला खर्च नाही.

औषध लागलं तर

माणसाला आधी त्या जागेवरून हलवा, वारा जिकडून येतो त्या बाजूला. सगळे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. नखं, केस, कानामागची जागा, जांघा विसरू नका. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं. हे करणाऱ्याने स्वतः मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी, नाहीतर दुसरा रुग्ण तयार होतो. 108 ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, पण रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून, तोंड जरा खाली.

ओकारी काढायची नाही. मिठाचं पाणी, दूध, तूप, ताक, अंडं यांतलं काही नाही. औषधात रॉकेलसारखा द्रावक असतो. उलटी होताना तो फुप्फुसात गेला तर विषापेक्षा वेगळं आणि तितकंच वाईट दुखणं मागे लागतं. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही ओतणं म्हणजे ते श्वासनळीत ओतणं. औषधाची बाटली किंवा निदान लेबलचा फोटो सोबत घ्या, आणि बाधा किती वाजता झाली ते लक्षात ठेवा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास 1800 116 117 वर असतं. तिथे डॉक्टरही फोन करून सल्ला घेतात.

दवाखान्यात पहिला इलाज ऑक्सिजन आणि ॲट्रोपीन. ॲट्रोपीनचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण मरण आणि जगणं पुष्कळदा त्यावर ठरतं. मोठ्या माणसाला पहिला डोस 1.8 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटांनी, पुन्हा दुप्पट. फुप्फुसं मोकळी होईपर्यंत, नाडी 80 च्या वर जाईपर्यंत आणि रक्तदाब सावरेपर्यंत. आपल्याकडे एका अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. 1.8, 3.6, 7.2, 14.4 अशी चढण धरली तर पंधरा मिनिटांत 27 मिलिग्रॅम, म्हणजे 45 अँप्यूल. पुढे तासागणिक थेंबाथेंबाने चालू ठेवायचं ते वेगळं. आता ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात वीस अँप्यूल आहेत, तिथे हा रुग्ण आला तर? डोस न वाढवता ‘नाशिकला न्या’ म्हटलं जातं आणि घाटातल्या दीड-दोन तासांच्या रस्त्यावर फुप्फुसं भरत जातात. हंगामाच्या तोंडावर प्रत्येक केंद्रात किमान शंभर-दोनशे अँप्यूल आणि रुग्ण हलवण्याआधी डोस चढवण्याची तयारी, एवढ्या मागणीसाठी ग्रामसभेचा ठरावही पुरेसा आहे. व्हेंटिलेटरपेक्षा ही गोष्ट कितीतरी स्वस्त.

नळी घालून पोट धुण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. पहिल्या तासानंतर त्याचा उपयोग फारसा नाही, आणि श्वासनळी सांभाळल्याशिवाय केलं तर अपायच. पीएएमच्या (जखडलेलं विकर सोडवायच्या औषधाच्या) इंजेक्शनबद्दल डॉक्टरांतच दोन मतं आहेत, अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ॲट्रोपीन जास्त झालं की रुग्ण बरळतो, ताप चढतो, अंग कोरडं पडतं. ते डोस कमी करायचं चिन्ह असतं, डोक्यावर परिणाम झाल्याचं नव्हे.

आणि दुसरा-तिसरा दिवस. लाळ थांबली, बोलायला लागला, बिल वाढतंय, चला घरी, असं होतं. नेमकं एक ते चार दिवसांच्या मधे काही रुग्णांचे मानेचे आणि छातीचे स्नायू अचानक ढिले पडतात. याची खूण सोपी: उताणं झोपलेल्या रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता आलं नाही तर लगेच नर्सला बोलवा, पुढच्या काही तासांत श्वासाला यंत्र लागू शकतं. डॉक्टर सोडत नाहीत तोवर सही करून रुग्ण नेऊ नये.

घरचे खरं सांगत नाहीत, हा आणखी एक अडथळा. पोलीस केस होईल म्हणून ‘जेवणातून बाधा झाली’ सांगितलं जातं आणि पहिला मोलाचा तास भलत्याच इलाजात जातो. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते हे खरं, पण जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेची भीती आता नाही: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलमच नाही.

बाटलीत काय आहे, त्यावर

मनात मरणाचा विचार येणं आणि मरणं यांच्या मधे बरंच काही असतं. विष घेतलेल्या पुष्कळ जणांचा विचार ठरलेला नसतो. भांडण, अपमान, सावकाराचा फोन, दारूच्या भरातली एखादी घटका. ती घटका टळली तर बहुतेक जण पुढेही जगतात. त्या घटकेला हाताशी जे रसायन होतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. माणसाचा निश्चय किती पक्का होता यावर नव्हे.

श्रीलंकेने हे देशभर करून दाखवलं. 1980 च्या दशकापासून तिथे सर्वांत विषारी गटातली औषधं टप्प्याटप्प्याने बंद होत गेली, 1995 आणि 1998 मधली बंदी सगळ्यात परिणामकारक ठरली, 2008 ते 2011 मध्ये आणखी काही गेली. 1995 ते 2015 या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. वाचलेल्या जिवांचा अंदाज 93,000. विष घेण्याचे प्रयत्न त्या प्रमाणात घटले नव्हते. घटले ते मृत्यू. आणि भाताचं, भाजीचं उत्पादन त्या बंद्यांमुळे खाली आलं नाही. दक्षिण कोरियाने 2011-12 मध्ये एकच तणनाशक बाजारातून काढलं आणि काही वर्षांतच कीडनाशकाच्या आत्महत्या निम्म्यावर आल्या.

घरोघरी कुलपाची पेटी दिली तर? हाही प्रयोग श्रीलंकेतच झाला, 180 गावांत, पन्नास हजारांहून जास्त घरांत. 2017 मध्ये निकाल आला: विष घेण्याच्या प्रमाणात फरक नाही. कुलपाची चावी घरातच असते, आणि दुकान कोपऱ्यावर. लहान मुलांसाठी कुलूप हवंच, पण पेट्या वाटून धोरण झालं असं समजायचं कारण नाही.

भारताने 2018 मध्ये 18 कीडनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यातली काही लगेच आणि उरलेली 2020 अखेर बंद झाली. 2020 मध्ये आणखी 27 चा मसुदा आला. तो बराच काळ रेंगाळला आणि 2023 मध्ये त्यातल्या मोजक्यांवरच निर्णय झाला. मोनोक्रोटोफॉस या ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर वापरायला ते 2005 पासून मना होतं, पण दुकानात होतंच, कारण कपाशीसाठी चालत होतं. जुलै 2013 मध्ये बिहारच्या गंडामन गावातल्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली; स्वयंपाकाच्या तेलात हेच सापडलं. त्यानंतरही दहा वर्षांनी त्याचं मुख्य द्रवरूप बंद करण्याचा आदेश निघाला. ‘अमुक पिकावर बंदी’ ही अर्धी बंदी अशी असते: दुकानदार पीक विचारत नाही आणि बाटलीला पीक कळत नाही. राज्याच्या हातात तर कायद्याने तात्पुरती, 60 दिवसांची विक्रीबंदी एवढंच आहे. महाराष्ट्राने यवतमाळनंतर 2018 मध्ये ती वापरली. साठ दिवस संपले की माल पुन्हा फळीवर.

तोवर जिल्ह्यापुरतं जे करता येतं ते छोटं आहे. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावून मोजणी करायची आणि मगच औषध काढायचं. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावरचा सल्ला पाहून डाउनीची फवारणी ठरवायची, शेजाऱ्याने मारली म्हणून नाही. हंगामाला पुरेल एवढंच, लहान पॅकमध्ये घ्यायचं; उरलेलं लिटरभर औषध घरात वर्षभर पडून राहणं हीच खरी जोखीम. मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत कधीच नाही. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी टिपाडातच ओतायचं आणि बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात रॉकेल-तेल कुणी भरणार नाही.

घरात कोणी खचलेलं असेल, जेवणात लक्ष नाही, ‘आता काय उरलंय’ असं बोलत असेल, तर औषध काही आठवड्यांसाठी भावाकडे किंवा शेजारी नेऊन ठेवावं, मळ्यातल्या खोलीत नाही. ‘जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का’ हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. दवाखान्यातून वाचून घरी आलेल्याचे पहिले काही आठवडे जास्त जपायचे असतात. त्या दिवसांत टोमणे आणि कर्जाचा हिशेब दोन्ही लांब ठेवावेत.

कामावर औषध लागून मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसाला 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. सातबारा, 6-क ची वारस नोंद, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, म्हणून विषबाधेचं कारण दवाखान्याच्या आणि पोलिसांच्या कागदावर पहिल्याच दिवशी नीट लिहिलं गेलं आहे ना, ते पाहावं. योजना खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या आणखी एकाला आहे. सुरगाण्याहून आलेल्या मजुराचं नाव निफाडच्या सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे त्याच्या बायकोला हा अर्ज करता येत नाही.